भाराभर चिंध्या आणि एक धड

इचलकरंजीहून आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘मी बारावी सायन्सला आहे. बाबा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग दुरुस्त करतात. मला बी.डेस., म्हणजे डिझाइनची चार वर्षांची पदवी, करायची आहे. माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं की हा आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम आहे: थोडं इंजिनिअरिंग, थोडी कला, थोडं मानसशास्त्र, थोडं समाजशास्त्र, थोडा व्यवसाय. बाबा म्हणतात, “एक ना धड, भाराभर चिंध्या. गावातच टेक्स्टाइल इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे, ते कर.” माझी चुलत बहीण बी.कॉम. झाली, तिला निदान “मी अकाउंट्स करते” असं सांगता येतं. चार वर्षांनी मला काय येतं म्हणून सांगणार? शिवाय माझी चित्रकला बेताची आहे, इंटरमिजिएटला बी ग्रेड होती. फीचं ओझं बाबांवर टाकायला जीव होत नाही. काय करू? नाव छापू नका.’

नाव छापत नाही. तुझं पत्र वाचून पहिल्यांदा वाटलं ते सांगते: तुझे बाबा अर्धे बरोबर आहेत, आणि त्यांचा तो अर्धा भाग डिझाइन शिकवणाऱ्या आम्हा मंडळींनी नीट ऐकायला हवा. ‘थोडं हे, थोडं ते’ अशी जी यादी माहितीपत्रकात असते ती खरोखरच चिंध्यांची यादी आहे. सोमवारी मानसशास्त्राचा तास, मंगळवारी लाकूडकामाचा, बुधवारी मार्केटिंगचा, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, असं चार वर्षं चाललं तर मुलगी रिकाम्या हातानं बाहेर पडते. अशा मुली आणि मुलगे मी पाहिले आहेत. मुलाखतीला येतात, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेले फोटो दाखवतात, ‘आम्ही वापरकर्त्यांशी बोललो’ म्हणतात. कितींशी? पाच जणांशी. मग हातानं काय बनवलं असं विचारलं की गप्प होतात. त्यांचा दोष थोडा, शिकवणाऱ्यांचा जास्त.

आता उरलेला अर्धा भाग. त्यासाठी बाबांच्याच कामाकडे बघू.

समज, एखाद्या मागावर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा पुन्हा पुन्हा तुटतोय. मालक हाक मारतो, बाबा येतात. दोष कुठे असेल? मागाची जुळणी बिघडली असेल. सूतच हलकं आलं असेल. सायझिंगला, म्हणजे सुताला खळ लावताना, खळ कमी बसली असेल. हवा कोरडी झाली असेल, कारण कोरड्या हवेत सूत ठिसूळ होतं. किंवा रात्रपाळीचा विणकर नवा असेल आणि त्याचा हात अजून बसला नसेल. यातलं एक लोखंडाचं शास्त्र, एक तंतूचं, एक रसायनाचं, एक हवामानाचं आणि एक माणसाचं. बाबांनी या पाचांपैकी कशाचीही पदवी घेतलेली नसेल. पण धागा तुटायचा थांबेपर्यंत ते या पाचही घरांत डोकावून येतात आणि जिथे दोष सापडेल तिथे हात घालतात. त्यांना कुणी ‘भाराभर चिंध्या’ म्हणेल का? त्यांच्याकडे एक धड आहे, ते म्हणजे माग. बाकीचं सगळं त्या मागाला लागतं म्हणून आलं.

आंतरविद्याशाखीय या अवघड शब्दाचा मला समजलेला अर्थ एवढाच आहे. विषय गोळा करायचे नसतात. एक प्रश्न हातात घ्यायचा आणि तो ज्या ज्या विषयाच्या दारात नेईल तिथे जायचं, लागेल तेवढं शिकायचं आणि परत आपल्या प्रश्नाकडे यायचं.

आपल्या देशात डिझाइनचं शिक्षण सुरू झालं तेही असंच. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी डिझाइनर दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे फिरलं आणि 1958 मध्ये त्यांनी एक छोटासा अहवाल दिला. त्यांना इथली सगळ्यात सुंदर वस्तू कोणती वाटली? लोटा. म्हणजे आपला तांब्या. सौंदर्याचं वर्णन करत बसण्याऐवजी त्यांनी प्रश्नांची रांग लावली: त्यात नेमकं किती पाणी मावावं? धरणाऱ्या हाताचा आकार आणि ताकद किती? तो डोक्यावर नेणार की कमरेवर? भरलेला असताना तोल कुठे जातो आणि रिकामा असताना कुठे? ओतताना धार कशी पडते? दगडावर ठेवला तर आवाज कसा येतो? धातू केवढ्याला पडतो, आणि मोडीत घातला तर काय सुटतं? तो विकताना कसं वाटतं, कुणाला देताना कसं वाटतं? एका तांब्यासाठी पदार्थविज्ञान, शरीरशास्त्र, अर्थकारण आणि मन, सगळं आलं. त्या अहवालानंतर 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. आपल्या पवईच्या आयआयटीत 1969 मध्ये इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर निघालं, त्याला सगळे आयडीसी म्हणतात. बाबांना हेही सांग की ते ज्या यंत्रावर मत देतात, त्या मतदान यंत्राच्या डिझाइनचं काम याच आयडीसीतल्या प्राध्यापकांनी केलं आहे. वाचता न येणाऱ्या माणसालाही चिन्ह ओळखून बटण दाबता यावं आणि दाबल्याची खात्री दिव्यानं आणि आवाजानं मिळावी, यात इलेक्ट्रॉनिक्स जेवढं आहे तेवढाच माणूस आहे.

आता तुझ्या-माझ्या भाषेतलं उदाहरण सांगते. मला ते सगळ्यात प्रिय आहे, म्हणून थोडी रेंगाळणार आहे.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द कागदावर लिहून बघ. पहिला समुद्र, दुसरा डोंगरांमधला. दोन्हीत र आणि य जोडले आहेत. पण पहिल्यात र डोक्यावर रफार होऊन बसतो आणि दुसऱ्यात आडवा होऊन य ला चिकटतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांचंही तेच. एक गुरुजी, दुसरा स्वयंपाकी. मराठी माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही. पण संगणकाला कोण शिकवणार? नुसता चित्रकार दोन्ही आकार देखणे काढेल, पण कुठला कधी उमटायला हवा याचा नियम त्याला लिहिता येणार नाही. नुसता प्रोग्रामर नियम लिहील, पण मराठी येत नसेल तर असा फरक असतो हेच त्याला ठाऊक नसेल. व्याकरणाच्या अभ्यासकाला फरक तोंडपाठ, पण त्या आडव्या र चं वळण केवढं जाड ठेवलं म्हणजे बारीक छपाईत ते बुजणार नाही, हे त्याला सांगता येणार नाही. या तिघांना एका टेबलाशी बसवलं तरी काम होईलच असं नाही. तिघांचीही भाषा समजणारं कुणीतरी मध्ये लागतं.

र. कृ. जोशी असे होते. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात उपयोजित कला शिकले, जाहिरात क्षेत्रात काम केलं, सुलेखनकार म्हणून नाव झालं, मराठीत कविता लिहिल्या, 1983 पासून आयडीसीत शिकवलं आणि पुढे संगणकशास्त्रज्ञांच्या बरोबर बसून भारतीय लिप्यांचे फाँट केले. विंडोजबरोबर बरीच वर्षं आलेला मंगल हा देवनागरी फाँट त्यांचा. तू शाळेत, सेतू केंद्रात, बँकेत तो असंख्य वेळा वाचला असशील. कविता, जाहिरात, सुलेखन, संगणक ही यादी वरवर बघितली तर तुझे बाबा चिंध्याच म्हणतील. पण त्या सगळ्याच्या आत एकच धड होतं: अक्षर. अक्षरानं नेलं तिथे ते गेले.

रुपयाचं चिन्ह करणारे डी. उदयकुमार यांचंही बघ. आधी वास्तुशास्त्र शिकले, मग आयडीसीत येऊन तमिळ अक्षरांच्या घडणीवर संशोधन केलं. 15 जुलै 2010 ला केंद्रीय मंत्रिमंडळानं त्यांचं चिन्ह स्वीकारलं. देवनागरी र आणि रोमन आर एकाच रेघेत मिसळलेला तो आकार ज्यानं वर्षानुवर्षं अक्षरं निरखली आहेत त्यालाच सुचला, याचं मला आश्चर्य वाटत नाही.

माझाही एक अनुभव सांगते. बरीच वर्षं झाली. एका ग्रामीण रुग्णालयासाठी औषधाच्या पाकिटांवर छापायच्या खुणा मी केल्या होत्या. सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्रकोर. रेखाटन नेटकं होतं, सगळ्यांना आवडलं, छापून गेलं. काही आठवड्यांनी मी तिथे गेले तेव्हा एक आजी नर्सबाईंना विचारत होत्या, ‘बाई, चंद्र अर्धा काढलाय, म्हणजे रात्री अर्धीच गोळी ना?’ त्या तितके दिवस अर्धीच घेत होत्या. गोळी रक्तदाबाची होती. आजींना काही झालं नाही, पण त्या बाकावर बसून मला हुडहुडी भरली होती, ती अजून आठवते. नंतर मी नर्सबाईंबरोबर तीन दिवस बसले. त्या पाकिटावर पेनानं काय काय खुणा करतात, का करतात, ते लिहून घेतलं. लोक घड्याळाप्रमाणे औषध घेत नाहीत, जेवणाप्रमाणे घेतात, हे मला तिथे कळलं. मग भाकरीचं ताट आणि खाट अशा खुणा केल्या, आणि या वेळी छापायच्या आधी चाळीस जणांना दाखवल्या. चित्रकला मला कॉलेजात शिकवली होती. माणसाच्या डोळ्यांपुढे चित्र आलं की त्याच्या डोक्यात काय होतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते शिकवणारी पदवी आज तुझ्यापुढे आहे, म्हणून मी इतक्या तळमळीनं लिहिते आहे.

आता तुझी चित्रकला. बी ग्रेडची काळजी सोड. आपल्याकडे डिझाइन या शब्दाची पहिली ओळख होते ती एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या संकल्पचित्राच्या पेपरात. चौकोन दिला, त्यात पानंफुलं भरा, रंग बाहेर जाऊ देऊ नका. त्यामुळे डिझाइन म्हणजे नक्षी हे समीकरण मराठी घरांत पक्कं बसलं आहे. बी.डेस.च्या प्रवेशाला हात सफाईदार हवा असं नाही, पण हातानं विचार सांगता यायला हवा. उभ्या रेघा, प्रमाण, वस्तू वरून कशी दिसते, बाजूनं कशी दिसते, कापली तर आत काय दिसेल. हे रोजच्या सरावानं येतं. वर्षभर रोज एक पान काढलंस तर तुझं तुलाच दिसेल.

परीक्षा दोन मुख्य. यूसीड ही आयआयटी मुंबई घेते. तिच्यावर मुंबईसह अनेक आयआयटींच्या बी.डेस.चे प्रवेश होतात. परीक्षा साधारण जानेवारीत असते आणि अर्ज त्याच्या काही महिने आधी, म्हणजे दिवाळीच्या आसपास भरायचे असतात. ती लागोपाठच्या दोन वर्षांतच देता येते. त्यात संगणकावर सोडवायचा भाग असतो, तिथे आकार मनात फिरवून पाहणं, तर्क, निरीक्षण, भवतालाची आणि समाजाची जाण तपासतात. दुसरा भाग कागदावर चित्र काढण्याचा. परीक्षा सायन्स, कॉमर्स, आर्ट्स सगळ्यांना खुली आहे, मात्र काही संस्था विषयांची अट घालतात, ती अर्जाआधी बघ. एनआयडीची परीक्षा वेगळी आणि दोन टप्प्यांची. दुसऱ्या टप्प्यात हातानं काम करून दाखवावं लागतं. महागडा क्लास लावला नाही तर होणार नाही, असं तुला कुणीतरी सांगेलच. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर मिळतात, त्या आधी सोडव.

दोन्हीकडचा फरक तुझ्या प्रश्नाच्या दृष्टीनं महत्त्वाचा आहे. एनआयडीत पहिलं वर्ष सगळ्यांना समान असतं, त्याला फाउंडेशन म्हणतात. रंग, आकार, भूमिती, साहित्य, माती, लाकूड, तार, सगळ्याशी झटापट. मग शाखा मिळते: वस्त्र, सिरॅमिक आणि काच, फर्निचर, ग्राफिक, प्रॉडक्ट, अॅनिमेशन अशा. म्हणजे धड संस्था तुला देते. आयडीसीत 2015 पासून बी.डेस. आहे, तिथे प्रवेश एकाच बी.डेस.ला होतो. आपलं धड आपण प्रकल्पांतून आणि निवडलेल्या विषयांतून घडवायचं. जिला स्वतःला काय हवं ते अंधुक तरी दिसतं तिला दुसरी तऱ्हा फार मोकळीक देते. जिला काहीच दिसत नाही ती त्या मोकळिकीत हरवू शकते. तुझ्या पत्रावरून तू कुठली ते मला कळलं नाही. तुलाही आज कळायची गरज नाही. पण दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत एका गोष्टीत तुझा हात बसलाच पाहिजे: विणकाम, अक्षर, लाकूड, प्रोग्रामिंग, काहीही एक. उरलेल्या दोन वर्षांत बाकीचे विषय त्या एकाला जोडत जा. मग चुलत बहिणीसारखं तुलाही एका वाक्यात सांगता येईल. ‘मी कापड करते’ किंवा ‘मी अक्षरं करते’. डिझाइनर हा शब्दसुद्धा लागणार नाही.

फीबद्दल गोड बोलणार नाही. खासगी संस्थांत वर्षाला काही लाख जातात, आणि सरकारी संस्था म्हणजे स्वस्तच असंही गृहीत धरू नकोस. तिथली फीही जॉबरच्या पगाराला जड जाऊ शकते. फीच्या कागदात नसलेला साहित्याचा, छपाईचा, वसतिगृहाचा खर्च असतो. आरक्षण, उत्पन्नावर मिळणारी सवलत, शिष्यवृत्ती, सगळं बाबांच्या उत्पन्नाच्या दाखल्यासह आत्ताच तपास. कर्ज काढून एखाद्या खासगी कॉलेजात जायची वेळ आली तर आधी तिथे स्वतः जा. कार्यशाळेत यंत्रांवर धूळ आहे की भुसा, ते बघ. संध्याकाळी सहानंतर कार्यशाळा उघडी असते का विचार. कायम शिक्षक किती आणि तासावर येणारे किती, ते विचार. शेवटच्या वर्षाच्या मुलांना त्यांचं काम दाखवायला सांग. काम फक्त पडद्यावर दाखवत असतील आणि हातात घेण्यासारखं एकही नसेल तर ते पैसे टाकू नकोस. आलिशान इमारत आणि प्लेसमेंटचे फलक यांना माझ्या लेखी काडीची किंमत नाही.

आणि या वर्षी कुठेच जमलं नाही तर? मग बाबांचं ऐक. हे मी समजूत घालायला म्हणत नाही. टेक्स्टाइल इंजिनिअरिंग करून सीड या प्रवेश परीक्षेनं एम.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, जाता येतं. ज्याला तंतू आतून कळतो असा डिझाइनर दुर्मीळ आहे. जे. जे. सारख्या ठिकाणची उपयोजित कलेची बी.एफ.ए. हाही रस्ता आहे, राज्यातल्या बी.एफ.ए.साठी वेगळी सीईटी असते. र. कृ. जोशी तिथूनच पुढे गेले.

बाबांशी वाद घालून हे सुटणार नाही. त्यांना लोट्याचा अहवाल आणि रुपयाचं चिन्ह सांगितलंस तरी ते म्हणतील, ‘ती मोठी माणसं.’ त्यापेक्षा असं कर. येत्या रविवारी वही-पेन्सिल घेऊन त्यांच्याबरोबर कारखान्यात जा. एकच प्रश्न घेऊन जा: इतक्या मागांच्या खडखडाटात आपल्या मागावरचा धागा तुटला हे विणकराला कसं कळतं? डोळ्यानं, कानानं, की हाताला काही जाणवतं? एक विणकर किती माग बघतो, तो कुठल्या वाटेनं फिरतो, पाठ कुठे वाकते, उजेड कुठून येतो? काढ, मोज, लिही. मग कांडी भरणाऱ्या मावशींकडे बस, त्या दिवसभर कशा बसतात ते काढ. वहिफणी करणाऱ्यांचे, म्हणजे ताण्याचे धागे वही-फणीतून ओवणाऱ्यांचे, डोळे आणि मान बघ. फोटो काढू नकोस, चित्रच काढ, कारण चित्र काढताना बघावं लागतं. अशी वीस-पंचवीस पानं झाली की बाबांपुढे ठेव आणि त्यांना एवढंच विचार की यात चुकलं कुठे आहे. ते पेन्सिल हातात घेऊन दुरुस्त करायला लागतील, याची मला जवळजवळ खात्री आहे.

ता. क. लॅपटॉप कुठला घेऊ असं तू शेवटी विचारलं होतंस. प्रवेश होईपर्यंत घेऊ नकोस. सुरुवातीचं पुष्कळ काम हातानंच असतं आणि बहुतेक संस्थांत संगणक कक्ष असतो. तोवर एक चांगली स्टीलची पट्टी, कटर, दोन-तीन नंबरच्या पेन्सिली आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा पुरेल. कारखान्याच्या कचेरीत असे कागद ढिगानं पडलेले असतात, बाबांना आणायला सांग.